उष्टं पाणी

माझ्या भावाच्या, थर्मनच्या हातमोज्याला, उजव्या, मी आतून टाके घातले. अंगठ्याची पिशवी आता मोज्याच्या पाठीला चिकटून बसते.

होडीतला पुढचा पाणी खातो, मागच्याला उष्टं मिळतं. आमच्या तलावावर हे पोरं चालायच्या आधी शिकतात.

चर्चच्या दारात पाद्री आता माझ्या भावाचा डावा हात हातात घेतो आणि डोळे दुसरीकडे वळवतो.

उकडलेल्या शेंगांत मीठ जास्त झालं, असं माझा नवरा म्हणाला. कमी झालं, असं माझा भाऊ म्हणाला. पातेलं एकच होतं.

"चल म्हणालास तू!"
"थांब म्हणालो!"

*

दोघांचं हे फेब्रुवारीपासून चालू आहे. गंटर्सव्हिल तलावाच्या उतारावर होडी पाण्याबाहेर काढत होते. थर्मन ट्रकमागच्या ट्रेलरच्या चरखीचा पट्टा होडीच्या नाकात अडकवत होता, माझा नवरा हॉइट ट्रकमध्ये होता. ट्रक पुढे गेला. अंगठा पट्ट्यात राहिला; डॉक्टरांना तो परत जोडता आला नाही.

आता एप्रिल. शनिवारी क्लबची स्पर्धा, दोघांची जोडी लागते. हे दोघं लग्नाच्या आधीपासून जोडीनं बास मासे धरतात, म्हणजे माझ्या लग्नाच्या. तेव्हापासून होडीत पुढे थर्मन, मागे हॉइट. पुढचा माणूस पायाने छोटी मोटर चालवतो, होडी कुठे न्यायची ते ठरवतो, प्रत्येक झाडाखाली पहिला गळ त्याचा. मागच्याने त्याने ढवळलेल्या पाण्यात टाकायचं.

"संध्याकाळपर्यंत मला क्लबला नाव कळवायचंय," हॉइट म्हणाला. "शेजारच्या धक्क्याखाली लागोपाठ तीनदा गळ टाकून दाखव, पुढची जागा तुझी. नाही जमलं तर मागे बस."

"मागे बसून तुझं उष्टं पाणी पिऊ? त्यापेक्षा घरी बसेन."

"मग बस घरी. बँकेतला ब्रँटली तयार आहे. त्याला दहाही बोटं आहेत."

मासेमारीच्या सामानाचं दुकान माझं. भिंतीवरच्या काठ्या आणि रिळं उतरवून मी आमच्या धक्क्याला बांधलेल्या होडीत मागे बसले. थर्मन पुढे उभा. हॉइट शेजाऱ्यांच्या धक्क्यावर जाऊन बसला, पाय पाण्यावर सोडून, मांडीवर शेंगांची पुडी. शेजारी फक्त उन्हाळ्यात येतात.

*

पहिली काठी त्याची स्वतःची. काठी जाड, रीळ वर आडवं बसवलेलं, दोरा गुंडाळायची दांडी उजवीकडे. सगळ्या तलावाचं असंच असतं. या रिळाचा ब्रेक म्हणजे अंगठा. गळ उडाला की फिरत्या दोऱ्यावर अंगठा हलकेच ठेवायचा. नाही ठेवला तर रीळ गळापेक्षा जोरात पळतं आणि दोरा गुंतून त्याचं घरटं होतं.

घरटं झालं.

"अंडी कधी घालणार?" धक्क्यावरून हॉइट ओरडला.

थर्मनने काठी माझ्या पायाशी फेकली. मी घरटं सोडवून ठेवलं.

*

दुसरी. बारीक काठी, रीळ खाली लोंबणारं. अंगठा लागत नाही, तर्जनी पुरते. गळ गेला बरा, धक्क्याच्या थोडा अलीकडे पडला, शेवाळात रुतला. ओढला तर काठी वाकून नालासारखी झाली. शेवाळ जागचं हललं नाही.

"हिच्याने तुझ्या नवऱ्याची ग्रेव्ही ढवळ," थर्मन मला म्हणाला.

"माझ्यावर का रे ओरडतोस?"

"तू त्याच्याशी लग्न केलंस."

दोरा मी कापला.

*

तिसरी. ही मी आणली नव्हती. हॉइटने सकाळीच होडीत टाकून ठेवली होती. गुलाबी. बंद डबीचं रीळ, खाली बंदुकीसारखा घोडा, बोटाने ओढायचा आणि सोडायचा. आमच्याकडे ही पाचव्या वाढदिवसाला देतात.

"घे ना," हॉइट म्हणाला. "रंग शोभतो तुला."

मला वाटलं, थर्मन ती हातात धरणारच नाही. त्याने धरली. घोडा ओढला, झुलवली, सोडला. गळ सरळ जाऊन हॉइटच्या पायांखालून धक्क्याच्या पोटात शिरला. अगदी आत. थेंब उडाला नाही.

हॉइटच्या तोंडातली शेंग तोंडातच राहिली.

"एक झालं," मी म्हणाले.

थर्मनने सावकाश दोरा गुंडाळला. मग काठी गुडघ्यावर ठेवून मोडली, दोन्ही तुकडे पाण्यात टाकले.

"अरे, जमत होतं की!"

"नोरा फे, शनिवारी सगळ्या क्लबासमोर मी ते खेळणं घेऊन उभा राहू? त्यापेक्षा दुसरा अंगठाही त्यालाच दे."

"मी घेतला नाही तुझा अंगठा," पलीकडून हॉइट. "सगळ्या चर्चला सांगत फिरलास. हॉइटने खाल्ला, हॉइटने खाल्ला. लोक माझ्या ताटाकडे बघतात, मेव्हण्या."

"बघू देत."

*

चौथी. दुकानातली सगळ्यात भारी. रीळ आडवंच, पण दांडी डावीकडे. माझा विचार साधा होता: उजवा हात गेला, तर सगळं उलटं करू.

थर्मनने डाव्या हाताने टाकला. डावा अंगठा अडाणी होता, तरी छोटंसंच घरटं झालं आणि गळ धक्क्याच्या कडेला पडला. तेवढ्यात सवयीने त्याने हात बदलला. दांडी डावीकडे, म्हणून काठी उजव्या हातात घ्यावी लागली. आणि धक्क्याखाली राहणाऱ्या बासने नेमका तेव्हाच गळ ओढला.

चार बोटांत काठी किती टिकणार? मुठीतून सुटली आणि नाक खाली करून तलावात गेली.

हॉइट इतका हसला की त्याला ठसका लागला. "मासा तुझ्यापेक्षा चांगला टाकतो!"

थर्मनचं तोंड पांढरं पडलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. लहानपणी तो रडायच्या आधी असाच पांढरा व्हायचा, आणि पाहिलं तर मारायचा.

"चल, झालं," हॉइट पुडी चुरगळत उठला. "मागची जागा अजून आहे. मी उद्धट नाही. उशी घेऊन ये, मऊ बसशील. शेंगा सोलून देत जा मला. सोलता येतील ना? का त्याही नोरा फेने—"

थर्मन वाकला. माझ्या पायाशी पडलेली त्याची जुनी काठी डाव्या हाताने उचलली आणि रागाने, न बघता झुलवली असं मला वाटलं. घरटं झालं नाही. गळावरचा पिवळा रबरी बेडूक पाण्यावरून गेला आणि हॉइटची टोपी घेऊन पुढे पडला.

टोपी पाण्यावर. हॉइट उघड्या टकलाने उभा.

आणि थर्मनने हात बदलला नाही. बदलायचं कारणच नव्हतं. काठी डाव्या हातात होती, तिथेच राहिली. दांडी उजवीकडे होती, उजवा हात मोकळा होता. दांडीची मूठ त्याने तर्जनी आणि मधल्या बोटात पकडली आणि टोपी ओढत आणली.

सगळा तलाव उजव्या हाताने टाकतो, मग काठी डाव्या हातात घेतो, मग उजव्याने दांडी फिरवतो. आमचा बापही असंच करायचा. का, ते आम्ही कुणीच त्याला विचारलं नव्हतं. मी वीस वर्षं ही रिळं विकते आहे.

थर्मनने ओली टोपी माझ्या मांडीवर टाकली. मग बेडूक धक्क्याखाली टाकला. पुन्हा टाकला. पुन्हा टाकला. मधला खांबाला घासून गेला, पण आत गेला.

"डोळा फुटला असता माझा!" हॉइट.

"नेम डोळ्यावरच होता. डावा हात नवा आहे."

हॉइट धक्क्यावरून उतरला, कुंपण ओलांडून आमच्या बाजूला आला. थर्मन होडीतून उतरला आणि दोघं समोरासमोर उभे राहिले. एकाच्या डोक्यावर काही नाही, एकाच्या मुठीत अंगठा नाही.

"शनिवारी पहाटे पाचला," हॉइट म्हणाला. "पुढे तू. पण तोंड उघडलंस तर पाण्यात ढकलीन."

"ट्रक मी चालवणार."

हॉइटने माझ्या मांडीवरची टोपी उचलून पिळली. बराच वेळ पिळली.

"मग पट्टा मी लावतो," तो म्हणाला.

"अंगठे सांभाळ."

"तू आरसा सांभाळ."

फेब्रुवारीत हंट्सव्हिलच्या इस्पितळापर्यंत गाडी मी चालवली, थर्मन माझ्या शेजारी. हॉइट मागच्या सीटवर होता, बर्फाचा डबा मांडीवर घेऊन, आणि डब्यात थर्मनचा अंगठा होता.