डॉक्टर रॉथमायरची तिसरी तोंडी

आमचा डॉक्टर रॉथमायर भूलतज्ज्ञांच्या बोर्डाच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाला तेव्हा मला त्याचा नाही, परीक्षकांचा राग आला. टोलेडोतल्या आमच्या दातांच्या दवाखान्यात हा माणूस आठ वर्षं भूल देतोय. डॉक्टरला बघताच किंचाळणारी पोरं, खुर्चीत दोन मिनिटं बसू न शकणारी मोठी माणसं, सगळ्यांना त्याने झोपवलं आणि सुखरूप उठवलं. मी, डोरीन विस्न्यूस्की, दरवेळी त्याच्या उजव्या हाताला उभी असते. त्याला काय येतं नि काय नाही ते मला विचारा ना! शिकागोच्या हॉटेलात टेबलामागे बसलेल्या त्या दोघांना काय कळतंय?

लेखी परीक्षा त्याने एका फटक्यात काढली होती. गाडी अडायची ती तोंडीला. दोन परीक्षक समोर बसतात, कागदावरचा एक रोगी देतात आणि विचारतात, आता काय कराल? तुम्ही सांगायचं. मग म्हणतात, ऑक्सिजन खाली येतोय, आता? पुन्हा सांगायचं. तिथे रोगी नाही, यंत्र नाही. जे तोंडाने बोललात तेवढंच केलंत असं धरतात. आणि आमचा बाबा म्हणजे तोंडात मिठाची गुळणी धरून जन्माला आलेला.

तिसरी खेप शेवटची होती. त्याची मुदत वसंतात संपत होती, मग पुन्हा लेखीपासून सगळा खटाटोप. नदीपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलने त्याला सांगून ठेवलं होतं, बोर्डाचं प्रमाणपत्र आणा, ऑपरेशन थिएटर तुमचं. ज्यांचं हृदय कमकुवत, ज्यांना आमच्याकडे झोपवणं धोक्याचं, असे रोगी वर्ष वर्ष ठणकणारे दात घेऊन घरी बसले होते. त्यांच्यासाठी त्याला तिथे जायचं होतं. म्हणजे पास झाला की तो आमच्याकडून जाणार, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी काही फार साळसूद नाही. हा नापास झाला तर बरं, असं एकदा माझ्या मनात आलं होतं. लाज वाटली, पण आलं होतं.

दुसऱ्या निकालानंतर आम्ही मागच्या खोलीत जेवत होतो. रोग्यांसमोर मी त्याला ‘डॉक्टर, तुम्ही’ म्हणते. दार लागलं की ‘तू’. माझा धाकटा भाऊ त्याच्याच वयाचा आहे. डॉक्टर मात्र मला कायम ‘तुम्ही’ म्हणतो.

“प्रश्न काय होता ते विचारत नाही,” मी म्हटलं. “बाहेर सांगणार नाही अशी सही करून दिली आहेस, माहीत आहे मला. पण तुझं घोडं अडलं कुठे ते तरी सांग.”

तो सँडविचकडे बघत बसला.

“अरे, बोल की! तिथेही असाच बसला होतास का?”

“हात पुढे केला,” तो म्हणाला.

“काय?”

“पुढे काय, असं त्यांनी विचारलं. मी उजवा हात पुढे केला. असा.” त्याने तळवा वर करून हात टेबलावर धरला. “आणि थांबलो.”

“कशासाठी थांबलास?”

“मास्कसाठी.”

मला हसू आलं. शिकागोला कोटटाय घालून हा माणूस रिकाम्या टेबलावर हात पसरून बसलाय आणि ते दोघे एकमेकांकडे बघतायत. मी चांगली खो खो हसले. तोही जरासा हसला. आणि मग माझा घास तोंडातच राहिला. अहो, त्या तळव्यावर मास्क ठेवतं कोण? मीच ना! आठ वर्षांत त्याला एकदाही ‘मास्क’ म्हणावं लागलं नव्हतं. त्याची नजर नळीकडे वळायच्या आत नळी हातात. त्याने मान तिरकी केली की मी लाळ ओढणारं सक्शन पुढे करते. मला या गोष्टीचा केवढा अभिमान होता! डोरीनला सांगावं लागत नाही, असं तो नव्या पोरींना सांगायचा तेव्हा मी फुगायचे. माझ्या त्या शहाणपणापायी तो मुका राहिला होता.

दुसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम आंधळी झाले. पहिला रोगी झोपवताना त्याने हात पुढे केला, मी हात बांधून उभी.

“डोरीन?”

“बोला डॉक्टर. काय हवंय, कशाला हवंय, कारणासकट सांगा.”

“तुम्हाला माहीत आहे की.”

“मला काहीही माहीत नाही. मी आजच कामाला लागले आहे.”

तो लाल झाला. खुर्चीच्या पलीकडे दातांचं काम करणारी आमची डॉक्टर मॅडम मास्कआड खुसुखुसु हसत होती. शेवटी त्याने ओठ हलवले. नळी द्या, अमुक मापाची, कारण मुलाचं वय इतकं. मी दिली. जिवावर बेतणारं काही असतं तर मी क्षणभरही थांबले नसते, हे त्यालाही कळत होतं. पण साध्यासुध्या कामात मी त्याला दोन महिने बोलल्यावाचून टाचणीसुद्धा दिली नाही. त्याला त्याची इतकी सवय लागली की जेवतानाही सुरू झालं. “मी आता मोहरीच्या सॉसची बाटली उघडतोय, कारण हॅम कोरडा आहे.” मी म्हणायचे, “आणि बाटली रिकामी निघाली तर?” “तर तुमच्या डब्यातला कोबीच्या पानात गुंडाळलेला खिम्याचा गोळा उचलीन.” मेला उचलायचाही!

मार्चमध्ये चार वर्षांच्या एका मुलीचा घसा काम चालू असतानाच आवळला. भुलीत असं होतं कधी कधी. स्वरयंत्र घट्ट मिटतं आणि हवा आतच जात नाही. पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याण्णव, मग ब्याण्णव, मग शहाऐंशी. माझी शपथ गेली चुलीत, मी मास्क त्याच्या हातात कोंबला. पण तो बोलतच होता. “काम थांबवा, तोंडातलं सगळं काढा. पूर्ण ऑक्सिजन. मास्क घट्ट दाबतोय, जबडा पुढे ओढतोय. डोरीन, स्नायू सैल करायचं औषध भरून ठेवा, वजन सोळा किलो. हवा जात नाही. अजून नाही. आता जातेय.” आवाज थरथरत होता, पण थांबला नाही. आकडा वर चढला. मुलीची छाती वर-खाली व्हायला लागली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की त्याला आतून काय काय वाटत असतं. आठ वर्षं मला वाटायचं, हा घाबरतच नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी मीच त्याला शिकागोला गाडीने नेलं. चार तासांच्या रस्त्यात त्याला एक मिनिट गप्प बसू दिलं नाही. हॉटेलच्या खाली मी विणकाम घेऊन बसले आणि टाके चुकत राहिले. आजूबाजूला आणखी पाच-सहा जण नवे कोट घालून येरझारा घालत होते, सगळ्यांचे चेहरे पांढरे पडलेले. दुपारी तो खाली आला. मी उठले. त्याने तोंड उघडलं आणि घोगरा, फाटका आवाज आला.

“घसा बसला,” तो म्हणाला. “चहा मिळेल का? मधासकट. कारण...”

“कारण राहू दे रे आता,” मी म्हटलं आणि भर हॉटेलात त्याला मिठी मारली.

निकाल सहा आठवड्यांनी, मंगळवारी, दोन रोग्यांच्या मधल्या वेळात आला. त्याने फोन माझ्यापुढे धरला. चष्मा कपाळावर होता, मला अक्षर दिसेना. “वाचून दाखव ना!” मी ओरडले. त्याने वाचलं. पास. मी अशी काही किंचाळले की समोरच्या खोलीतलं पोर रडायला लागलं.

मग त्याने फोन खिशात ठेवला, हातमोज्यांचा खोका सरळ केला, पुन्हा वाकडा केला. मला सगळं समजलं होतं. नेहमीसारखं मीच म्हणून टाकलं असतं, जा बाबा, सुखाने जा, आणि तो मान हलवून सुटला असता. जिभेच्या टोकावर आलं होतं. पण मी हात बांधले आणि उभी राहिले.

“डोरीन.”

“बोला डॉक्टर.”

“ऑगस्टपासून मी तिकडे जातोय.”

“कळलं.”

“तुम्हाला नेता येणार नाही. तिथे त्यांची माणसं आहेत. मी दोनदा विचारलं, नाही म्हणाले.”

हे मला माहीत नव्हतं. मी नुसती मान हलवली. तो थांबेल असं वाटलं, पण थांबला नाही.

“आणि तुम्ही घरी जाऊन कुढता, की तुमच्यामुळे मी दोनदा नापास झालो. तुम्ही बोलत नाही, पण मला दिसतं. तसं नाहीये ते. माझा बाप घरात कुणाला बोलू द्यायचा नाही. मी इथे आलो तेव्हा दिवसभर कुणाशी बोलावं लागू नये एवढीच माझी इच्छा होती. तुम्ही मला आठ वर्षं न बोलता समजून घेतलंत. असं मला कुणीही समजून घेतलं नव्हतं, डोरीन. पास होण्यापेक्षा ते मोठं होतं.”

मी रडले. भोकाड पसरून रडले म्हणा ना. त्याने टिश्यूचा खोका पुढे केला, काही न बोलता, आणि मीही त्याला कारण विचारलं नाही. मग बाहेरून कुणीतरी दार वाजवलं, आणि आम्ही दोघं हात धुवायला गेलो.