चौथा बोल्ट सुटला तेव्हा

उल्हासनगर कॅम्प चारमधल्या त्या गल्लीत सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. राजेंद्रच्या पिकअपभोवती माणसं दाटली होती आणि मागच्या हौद्यात लोहनाथ महाराज उभे होते. त्यांनी लोट्यातलं तीर्थ कॅरिअरच्या गंजलेल्या बोल्टावर शिंपडलं, निखारे धरले, त्रिशूळाने ठोकलं आणि नुसत्या दोन बोटांनी नट फिरवला. चक्क फिरला!

"देखा? पान्हा नाही, कटर नाही, निव्वळ नाम!" महाराज गरजले. "सुटला रे तिसरा!"

एकच जयजयकार झाला. याच बोल्टांशी झटापट करून राजेंद्रचे तळहात सोलले होते.

त्याची बायको रंजना मात्र उंबऱ्यात बसली होती, मुलीचं डोकं मांडीवर घेऊन. कॉलेजात जाणारी स्वप्नाली तापाने फणफणली होती. आता तर हाकेला धड ओही देत नव्हती. महाराजांनी निदान केलं होतं: पिकअपवरचं लोखंडी कॅरिअर भंगारातलं, अपघातात मेलेल्या ड्रायव्हरच्या गाडीचं. तो चारही बोल्ट धरून बसलाय. बोल्ट सुटले की ताप सुटला. कापून काढलंत तर तो घरात शिरेल, आणि सुई टोचलीत तर पोर हातची जाईल. रंजनाने गोळ्यासुद्धा बंद केल्या होत्या.

"आता चौथा, महाराज?" तिने हात जोडले.

"वो जिद्दी है. गुरुवारी बघू."

"गुरुवारपर्यंत पोर राहील का माझी?"

महाराजांनी आरतीचं ताट पुढे केलं.

तेवढ्यात राजेंद्रची बहीण उमा गर्दीतून वाट काढत आली. ती अंबरनाथच्या शाळेत विज्ञान शिकवायची. न राहवून राजेंद्रनेच तिला फोन केला होता. भाचीच्या कपाळाला हात लावताच ती म्हणाली, "दादा, रिक्षा बोलाव. आत्ताच्या आत्ता."

"नाही, उमाताई!" रंजनाने मुलीला कवटाळलं. "एकच राहिलाय. तेवढा सुटू दे. पाया पडते तुमच्या."

तिला ओढून नेणं शक्य नव्हतं. उमा तडक महाराजांकडे गेली, आरतीच्या ताटातली कोरडी वात उचलून तीर्थात बुडवली आणि निरांजनावर धरली. वात भडकून पेटली.

"पाणी असं पेटतं का? रॉकेल घातलेलं तेल आहे हे, रात्रभरात गंजात मुरणारं. वहिनी, काल इथे कोण आलं होतं?"

"महाराजांचा शिष्य... शुद्धीकरणाला." रंजनाचा आवाज खाली गेला. "गाडीभोवती पडदा लावून घेतला होता त्याने."

"पडद्याआड तेल मुरवलं, पान्ह्याने तीन बोल्ट ढिले केले आणि हाताने परत बसवले. चौथा ठेवला गुरुवारच्या गर्दीसाठी."

"श्रद्धा नसेल तिथे शक्ती येत नाही!" महाराज ओरडले.

"शक्ती नको, पान्हा द्या," उमा म्हणाली.

राजेंद्रने पान्ह्याच्या दांड्याला लांब पाइप अडकवला आणि सगळं अंग टाकलं. नट कर्रकन वाजला, फिरला. चौघांनी कॅरिअर उचलून रस्त्यावर ठेवलं.

रंजनाने मुलीच्या गालाला हात लावला. गाल तसाच भाजत होता.

"स्वप्ने, सुटले बघ सगळे. ऊठ ना गं. आता तरी ऊठ."

पोरगी हलली नाही. रंजनाने असा टाहो फोडला की जयजयकार करणाऱ्यांच्या माना खाली गेल्या. मग तिनेच मुलीला उचललं आणि नाक्यावरच्या रिक्षाकडे धावली. त्या गोंधळात महाराज मागच्या बोळातून पसार झाले.

डेंग्यू होता. "इतके दिवस काय करत होतात?" डॉक्टरांनी विचारलं. आयसीयूच्या दारात रंजना पाणीही न घेता बसून राहिली. स्वप्नाली वाचली, पण अजून जिना चढताना मध्येच थांबते. महाराजांविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली ती रंजनानेच.

आता कुणी बाबाचं नाव काढलं की ती एवढंच म्हणते, "गंजलेला नट तेलाने सुटतो बाई, त्यात देव नाही नि भूत नाही. तापाला डॉक्टर लागतो. चमत्कार बघायला जन्म पडलाय. पोराला आधी दवाखान्यात ने."