धोंड्यापासून वीस पावलं

व्हर्ना पाइकच्या टपालपेटीत बिननावाची चिठ्ठी टाकली ती एल्विन थर्लोने, आणि आज तिला ट्रकमध्ये बसवून रानातल्या धोंड्यापाशी घेऊन आला तोही एल्विनच. पण चेहरा असा, जणू स्वारी या गावात आजच उतरलीय. येत्या गुरुवारी व्हर्ना लेकीकडे ॲरिझोनाला कायमची राहायला निघाली होती. शेजारणीला 'जाऊ नकोस' एवढं म्हणायला एल्विनला अख्खा उन्हाळा पुरला नव्हता. शेवटी त्याने ते रबरावर कोरलं.

व्हर्नाला डब्या शोधायचा नाद. कुणीतरी रानात डबी लपवायची, तीत हाताने कोरलेला शिक्का नि एक वही ठेवायची, खुणांची चिठ्ठी लिहायची. शोधणाऱ्याने डबीतला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा आणि आपला डबीतल्या वहीत. लपवणाऱ्याने मात्र तोंड उघडायचं नाही. एल्विनला या खेळात सगळ्यात जास्त आवडला तो हा नियम.

धोंडा दुमजली घराएवढा. हिमयुगात बर्फाच्या लोंढ्याने तो कुठल्याशा डोंगरावरून ओढत आणून इथे टाकला आणि स्वतः वितळून मोकळा झाला. न्यू हॅम्पशायरमध्ये काही शेजारीही असंच अवजड सामान दुसऱ्याच्या अंगणात ठेवून जातात, त्यामुळे त्याचं कुणाला विशेष वाटत नाही.

व्हर्नाने चष्मा लावून चिठ्ठी वाचली. "'धोंड्याच्या उत्तर कोपऱ्यापासून ओढ्याकडे वीस पावलं. आडवं पडलेलं बर्चचं झाड.' अक्षर बघ, कोंबडीने उकरल्यासारखं. कोण असेल रे हा?"

"कुणास ठाऊक," एल्विन म्हणाला.

ती मोजत निघाली आणि थेट चिखलात जाऊन उभी राहिली. या डबीवाल्यांचं 'पाऊल' म्हणजे उजवा पाय टेकल्यापासून पुन्हा उजवा टेकेपर्यंत. म्हणजे दोन ढांगा. एल्विनला हे कुठून माहीत असणार? त्याने दोन्ही पाय मोजले होते. तो खोकला.

"घसा बसलाय का?" चिखलातून बूट उपसत व्हर्नाने विचारलं.

"थंडी आहे."

"असेल. हा लपवणारा मात्र अगदी नवशिका दिसतोय. एकेक पाय मोजलाय मेल्याने."

ती परत फिरली आणि पुन्हा एकपासून मोजू लागली. पण एल्विन सव्वासहा फुटी, व्हर्ना त्याच्या खिशाएवढी. तिची वीस पावलं बर्चच्या बरीच अलीकडे संपली. तिथली पानं तिने काठीने उसकटून काढली, दोन खडक उलथले. ऊन उतरायला लागलं. आज डबी मिळाली नाही तर गुरुवार काही थांबणार नव्हता. शेवटी एल्विनला राहवेना. तो सरळ जाऊन आडव्या बर्चवर बसला.

"तिथेच का रे बसलास?"

"गुडघे दुखतायत."

"ऊठ."

तो उठला. बुंध्याखालच्या पोकळीतून व्हर्नाने डबी काढली, शाईची गादी उघडली, शिक्का हातात घेऊन नीट निरखला आणि आपल्या वहीत दाबला. एल्विनने तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. अक्षरं उलटी उमटली होती. रबरावर त्याने ती सरळ कोरली होती, कागदावर वाचायची तशी.

"छान आहेत," व्हर्ना म्हणाली. "सुरवंट ना?"

"अक्षरं आहेत ती."

"कुठल्या देशाची?"

"व्हर्ना, वाच की जरा."

"मला नाही बाई लागत. लपवणाऱ्याला विचारलं असतं, पण तो थोडाच आपल्या ओळखीचा!"

एल्विनचे कान लाल झाले. त्याने धोंड्याकडे पाहिलं. तिकडून काही मदत मिळण्यासारखी नव्हती.

"जाऊ नकोस," तो म्हणाला.

"कोण?"

"तू. आणखी कोण? तू जाऊ नकोस, व्हर्ना. तुझ्या खिडकीत दिवा दिसला नाही तर मला कॉफीसुद्धा गोड लागायची नाही. मला फार एकटं वाटेल गं."

व्हर्नाने गादीचं झाकण लावलं. ते लावायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"वीस वर्षं रबरावर उलटी अक्षरं कोरतेय मी," ती म्हणाली. "सरळपेक्षा उलटंच लवकर वाचता येतं मला."

"मग मला कशाला बोलायला लावलंस?"

"जूनपासून कान देऊन बसलेय. रोज कुंपणापाशी यायचास आणि टोमॅटोंबद्दल बोलून परत जायचास! शिक्का काय, कुणाच्याही वहीत उमटतो. मला ते तुझ्या तोंडून हवं होतं." तिने नाक पुसलं आणि खिशातून फोन काढून नंबर लावला.

"हे काय?"

"लॉरेल आहे, माझी लेक. तिला सांग, आई येत नाहीये."

"मी सांगू?"

"मग कोण? मी सांगितलं तर ती विचारणार, का म्हणून. कारणानेच बोललेलं बरं."