हीटरची दोन तोंडं

"काकू, जरा बाजूले व्हा. मिस्त्रीशी बोलायचं आहे मले."

देवदत्त ट्रकमधून उतरला तोच तावातावानं. त्याच्या मागे बॉनेटमधून वाफ निघत होती. सुनीतीनं हातातली डाग द्यायची सळई खाली ठेवली आणि बाजूला झाली. सवय होती तिला.

रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या 'रामकृष्ण रेडिएटर वर्क्स' या पाटीखाली स्टुलावर रामकृष्ण बसले होते. बत्तीस वर्षं तिथंच बसत आले होते. चार वर्षांपासून त्यांचे हात कापायचे, आणि दुकानातलं सगळं काम सुनीती करायची. हे साऱ्या बस्तीला ठाऊक होतं, पण गिऱ्हाईक बोलायचं नवऱ्याशी, रेडिएटर उचलून द्यायची बायको आणि शाबासकी पुन्हा नवऱ्याला. सुनीतीला याचा राग यायचा. घरात दोन माणसं, त्यातलं एक आधीच खचलेलं, म्हणून ती तो गिळायची.

"तिसरी बार उकळला, काका. तेलीबांध्याच्या सिग्नलपुढे जाऊनच नाही राहिला," देवदत्त म्हणाला. "येत्या इतवारी नवा रायपूरले जुन्या गाड्यांची रॅली आहे. बाबांनी याच ट्रकवर अभनपूरची मिल उभी केली. त्यांले यात बसवून नेतो म्हणून शब्द दिला मी. तुमच्यानं होत नसेल तर सांगून द्या, भिलाईहून मिस्त्री आणतो."

"रेडिएटर साफ आहे," रामकृष्ण पुटपुटले.

ट्रक मूळचा लष्कराचा, थंड मुलखातला. केबिनमधला हीटर कधीच गंजून गेला होता. इंजिनावर त्याच्या पाण्याची दोन तोंडं तेवढी उरली होती. महिन्यापूर्वी रामकृष्णांनी ती पितळी डट्टे बसवून बंद केली. "रायपुरात हीटर कोणाले पाहिजे? इथं देवच लावून ठेवते," ही त्यांची तीस वर्षांची कोटी, आणि तीस वर्षांची पद्धतही. डट्टे मात्र त्यांनी सुनीतीला लावू दिले नव्हते. कापत्या हातांनी, सगळी दुपार खपून, स्वतः आवळले होते. त्या संध्याकाळी ते दोन पोळ्या जास्त जेवले होते.

सुनीतीनं बॉनेट उघडलं. इंजिनाच्या माथ्यावरून धग येत होती. तिनं रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या नळीला हात लावला. नळी गार होती. तिनं पुन्हा लावून पाहिला.

"इंजिन उकळून राहिलं अन् रेडिएटर थंडा," ती म्हणाली. "पाणी तिथपर्यंत येऊनच नाही राहिलं."

तिला सगळा घोटाळा कळला. इंजिन तापेपर्यंत थर्मोस्टॅटचं झाकण रेडिएटरची वाट बंद ठेवतं. तोवर पाण्याला इंजिनातल्या इंजिनात फिरायला दुसरी वाट लागते, आणि या इंजिनात ती हीटरमधून होती. डट्ट्यांनी तीच बुजवली. पाणी जागच्या जागी उकळायचं, झाकणापर्यंत गरम पाणी पोचायचंच नाही, मग झाकण उघडणार कसं?

म्हणजे दोष नवऱ्याच्या हातचा होता. देवदत्तसमोर तिनं ते उघड केलं नाही.

"ट्रक ठेवून जा," ती म्हणाली. "इतवारी उकळला तर ही पाटी मी उतरवून टाकीन."

देवदत्त गेल्यावर रामकृष्ण म्हणाले, "काहून बोलली तू असं? पाटीवर नाव माझं आहे."

"म्हणूनच बोलली. अहो, डट्टे काढा लागते."

रामकृष्णांनी गुडघ्यांवर हात टेकले. मग उठले, फळीवरून मोठा पाना काढला आणि तिच्यापुढे धरला. पाना थरथरत होता. "लय घट्ट आहेत," ते म्हणाले. "तुले निघायचे नाहीत."

खरंच निघेनात. शेवटी पान्यावर पाय देऊन सगळं वजन टाकलं, तेव्हा पहिला हलला. "पक्के बसवले होते तुम्ही," ती धापा टाकत म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

"मग?" म्हणाले ते.

तिनं दोन्ही तोंडं एका वाकड्या नळीनं एकमेकांना जोडली. हीटर नको, त्याची वाट पाहिजे, एवढाच हिशेब. शनिवारी देवदत्तला बोलावून अभनपूर रोडवर फेरी मारली. सिग्नलला ट्रक शांत उभा राहिला, पण रस्त्यावर वेग घेतला तसा काटा हळूहळू वर सरकू लागला. देवदत्तनं ट्रक कडेला घेतला आणि तो मोबाइलवर भिलाईच्या मिस्त्रीचा नंबर शोधू लागला.

दुकानात परतल्यावर ती रामकृष्णांमागे घुरघुरणाऱ्या कूलरकडे पाहत बसली. त्याची एक नळी सगळं पाणी पळवायची आणि बाकीच्या जाळ्या कोरड्या राहायच्या, म्हणून दर उन्हाळ्यात ती त्या नळीत भोकाची चकती घालायची. इथंही तेच चाललं होतं. आखूड वाट मोकळी मिळाली की पाणीसुद्धा कामचुकार होतं. रेडिएटरपर्यंत जातंय कोण? तिनं तांब्याची चकती कापली, पेन्सिल जाईल एवढं भोक पाडलं, त्या वाकड्या नळीत बसवली आणि वरून पट्टी आवळली.

रविवारी निघताना रामकृष्णांनी पाण्याचे दोन कॅन स्वतः भरून केबिनमध्ये ठेवले. "लागलं तर," एवढंच म्हणाले. देवदत्त चालवायला, मधे त्याचे ऐंशी उलटलेले वडील श्यामराव, कडेला सुनीती. तेलीबांध्याला सिग्नल लागला. मार्चचं ऊन, पुढे मागे गाड्या. सुनीतीनं काट्यावरची नजर काढली नाही. काटा मधोमध आला, थबकला आणि तिथंच राहिला. सिग्नल हिरवा झाला.

नवा रायपूरच्या रुंद रस्त्याला लागल्यावर देवदत्तनं ट्रक पळवला. श्यामरावांनी हात लांबवून काट्याच्या काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही.

"कोण मिस्त्री आहे रे?" त्यांनी विचारलं.

"ह्या बसल्या ना, बाबा," देवदत्त म्हणाला. "काकू."

"हव," म्हातारा म्हणाला आणि तिला नीट बसता यावं म्हणून सरकला. सुनीतीला इतका आनंद झाला की तिनं तोंड खिडकीबाहेर काढलं आणि पुढचे दोन किलोमीटर आत घेतलंच नाही.

दुपारी ती दोन्ही कॅन घेऊन दुकानात उतरली. रामकृष्ण वाटच पाहत होते. त्यांनी एक कॅन उचलून पाहिला, मग दुसरा. दोन्ही काठोकाठ भरलेले.  एकाचं झाकण उघडलं, पाणी पातेल्यात ओतलं, थोडं जमिनीवर गेलं, आणि स्टोव्ह पेटवला.

पाटीखालचं स्टूल रिकामं होतं. सुनीती त्यावर टेकली.

रामकृष्ण दोन्ही हातांनी ग्लास धरून सावकाश चालत आले.

"मिस्त्री," ते म्हणाले, "चहा."

अर्धा सांडला होता. उरलेला तिनं बसून, निवांत प्यायला.