प्रातिनिधिक चित्र

गुरुवारी दुपारी मी फोटो कापला आणि आमच्या प्रयोगशाळेची डावी बाजू नाहीशी झाली.

भिंत पडली, छत कोसळलं, असं काही झालं नाही. फ्रीज, वजनकाटा आणि हणमंतरावांची भांडी धुवायची मोरी जिथे होती तिथे आता एक सरळ, स्वच्छ कड होती. तिच्यापलीकडे साधा अंधारही नव्हता. माझे मार्गदर्शक बिवलकर सर आले, उरलेल्या खोलीत खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "जागा कमी पडायला लागली, नाही?"

मी "हो" म्हटलं.

फोटो आमच्या कणांचा होता. फुप्फुसातल्या गाठीपर्यंत औषध वाहून नेणारे कण. ते गोल आणि एकाच मापाचे लागतात, केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढे. मोठे झाले, एकमेकांना चिकटले, तर वाटेतल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात आणि माणसाचा श्वास कोंडतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली उजव्या कोपऱ्यात ब्याऐंशी कण निवडलेल्या साबुदाण्यासारखे पसरले होते. डावीकडे गोळे होते, काड्या होत्या, एकमेकांच्या अंगावर चढलेले ढीग होते. चांगला कोपरा शोधायची आमच्यात रीतच आहे, त्यात मी नवीन काही केलं नाही. माझं पीएच.डी.चं सहावं वर्ष होतं. मी उजवा कोपरा ठेवला, बाकीचं कापलं आणि खाली लिहिलं, 'प्रातिनिधिक चित्र'.

"वा, रेवती!" सर म्हणाले. "एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. बाकीचे फोटोही असेच?"

"असेच आहेत, सर."

कड वीतभर उजवीकडे सरकली. सरांच्या टेबलाचा कोपरा गेला, त्यावरचा चहाही गेला. सरांनी दुसरा मागवला.

तेव्हा मला नियम कळला. बोलायची संधी आली आणि मी खरं सांगितलं नाही, की वीतभर. कड माझ्यामागे घरीही आली. जेवायला बसलो तर ताटाची डावी बाजू नव्हती. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, सगळं गेलं होतं. नवरा म्हणाला, "भाजी अळणी लागतेय." मी म्हटलं, "हो का?" लाज वाटली की माणसाला घास उतरत नाही असं मी ऐकून होते. मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, आणि त्याचीही मला लाज वाटली.

पहिला डोस हणमंतरावांना द्यायचं ठरलं. सव्वीस वर्षं ते आमच्याकडे काचेची भांडी धुतात. उन्हाळ्यात त्यांच्या फुप्फुसात गाठ निघाली, तेव्हा त्यांनी स्वतःच सरांना गळ घातली.

"बाटल्या तीन-तीन पाण्यानं मी धुतल्यात," ते मला म्हणाले. "माझ्या हातची भांडी. मला कसलं भ्या, ताई?"

तो फोटो त्यांनी शर्टाच्या उजव्या खिशात ठेवला होता. पाहुण्यारावळ्यांना काढून दाखवायचे. मी गप्प राहिले. वीतभर.

हॉस्पिटलच्या खोलीत मी पोचले तेव्हा कड पलंगापर्यंत आली होती. सिस्टर भिंतीला चिकटून उभ्या होत्या, मी पायथ्याशी. हणमंतराव उशीला टेकून बसले होते. त्यांचा उजवा हात खांद्यापासून कडेपलीकडे गेला होता.

"ह्यो हात जरा दिसंना झालाय," ते म्हणाले. "सही जमंना. डाव्याचा अंगठा दिला. चालतंय न्हवं?"

"चालतं," सिस्टर म्हणाल्या आणि संमतिपत्र माझ्यापुढे धरलं. "पण अंगठा आहे म्हणजे साक्षीदार लागतो, तेवढंच राहिलंय. यांना सगळं समजावून सांगितलंय, अशी सही करा."

"वाचून दाखवू का?" मी त्यांना विचारलं.

"वाचायचं काय त्यात? फोटो बघितलाय की मी."

मी त्यांच्या डाव्या हाताकडे नीट पाहिलं. अंगठ्याला शाई होती, बाकी काही नव्हतं. सुई नव्हती, पट्टी नव्हती. अजून वेळ आहे, असं मी स्वतःला बजावलं आणि सही केली.

कड त्यांच्या गळ्याशी आली. मी पेनाला टोपण लावलं, तसा खिसा गेला, खिशातला फोटो गेला. आता त्यांचा एक डोळा, एक कान आणि अर्धं हसू उरलं होतं. ते हसू माझ्यासाठी होतं. मला स्वतःची इतकी शरम वाटली की मी जवळजवळ ओरडलेच.

"हणमंतराव, फोटो अर्धाच आहे! उरलेल्यात नुसते गोळे होते. मी ते कापून टाकले. हे औषध घेऊ नका."

कड मागे सरकायला लागली. घाईघाईने नाही, एकेक वीत. आधी त्यांचा दुसरा डोळा आला, मग खांदा, मग कोपर. मनगटावर पांढरी चिकटपट्टी होती आणि तिच्यातून एक नळी वर गेली होती. मी नळीबरोबर मान वर केली. स्टँडला उलटी टांगलेली आमच्या औषधाची बाटली जवळजवळ रिकामी होती, आणि तिच्यातला एक थेंब सुटायच्या बेतात होता.