सात नंबरची विहीर

समीक्षा रत्नागिरीला रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. तीन वर्षं तिचं शिक्षण एका फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर चाललं होतं. यंदा त्यांनी तिच्या प्रकल्पालाही मदत दिली होती. संगमेश्वरजवळच्या तिच्या वाडीतल्या विहिरींचं पाणी तपासायचं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत तिने प्रत्येक विहिरीचं पाणी तपासणीच्या बाटलीत भरलं. दोन दिवसांत काळं पडलं, तर ते पिण्यालायक नाही. एकच बाटली काळी पडली, सात नंबरची. ती विहीर तिच्या चुलत काकांची, लवूकाकांची. अर्धी वाडी तिथलंच पाणी प्यायची.

विहिरीच्या वरच्या अंगाला काकांनी गेल्या वर्षी संडासाचा खड्डा खणला होता. जांभ्या दगडातून खड्ड्यातलं पाणी विहिरीत झिरपतं, हे समीक्षाने त्यांना सांगून पाहिलं.

"तुझ्या बाटलीला काय कळतं गो?" काका म्हणाले. "आमची विहीर त्यात लिहू नको."

तिने फाउंडेशनच्या दीपाली मॅडमना फोन केला. "एक विहीर वगळली तर चालेल का?"

"मालकाचं नाव नको, नुसता नंबर लिही. वगळू मात्र नकोस. आणि अहवाल आम्ही मार्चमध्ये वाचणार, समीक्षा. पाणी लोक आज पितायत."

संध्याकाळी ती तपासणीच्या दोन कोऱ्या बाटल्या घेऊन काकांकडे गेली. "तुम्ही स्वतः भरा. एक तुमच्या विहिरीची, एक आमच्या विहिरीची. देव्हाऱ्यात ठेवा, म्हणजे कुणी हात लावणार नाही."

काकांनी बाटल्या घेतल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी लवूकाकांची बायको जनीकाकी तिला बोलवायला आली. देव्हाऱ्यातली काकांच्या विहिरीची बाटली काळीकुट्ट झाली होती. काका पडवीत बसले होते.

"वैष्णवीला पावसात दोनदा सलाईन लावलं," ते नातीबद्दल हळू आवाजात म्हणाले. "आम्हाला वाटलं, बाहेरचं काहीतरी खाल्लंन."

 समीक्षा त्यांच्या शेजारी बसली.

"वाडीत मी सांगतो," म्हणत काका उठले. "तू सांगितलंस तर लोक तुझ्याशी भांडतील."

त्या दिवशी ते घरोघर गेले. माझ्या विहिरीचं पाणी पिऊ नका, असं त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. शिमग्याला मुलगा संदेश मुंबईहून आला, तेव्हा बापलेकांनी खड्डा बुजवून खालच्या अंगाला, लांब, नवा खणला आणि विहीर उपसली.

समीक्षाने अहवाल दिला, त्याच आठवड्यात काकांचा फोन आला.

"खालच्या वाडीत सांगून आलोय, तू येशील म्हणून. बाटल्या पुरतील ना गो?"