तोफेच्या तोंडातला गंज

चष्मेवाल्याचा बायकोपेक्षा टॉर्चवर जास्त विश्वास होता. ब्राँझची जुनी तोफ, वीत-दीड वीत लांबीची, हातात आली की आधी तिच्या तोंडात टॉर्च मारायचा. आत लाल ठिपके दिसले की खेळ खलास. "ब्राँझ गंजत नाही. आत लोखंड भरलंय. खोटी!"

त्याच्या मते जगात खरी तोफ एकच, त्याची. दुकानात फ्रेमांच्या मागे, काचेत ठेवलेली, आतून आरशासारखी लख्ख. बाकीच्या तिच्याशेजारी ठेवल्या की नापास. भंगारवाल्या मेहुण्याने चार वर्षांत सात आणल्या, सातही नापास. सातवीच्या वेळी तर भरल्या घरात, पाहुण्यांसमोर, "घरच्यांनाच टोप्या घालतोस? चोर!" तेव्हापासून मेहुण्याने उंबरा ओलांडला नाही आणि बायको कामापुरतं बोलते. लोकांचे डोळे तपासणारा हा माणूस!

आठवी तोफ मेहुण्याने दुकानातच आणली. आत तेच ठिपके.

"चल ओताऱ्याकडे. तिथंच तुझं बिंग फोडतो," म्हणत चष्मेवाल्याने काचेतली तोफही बगलेत मारली.

ओतारी नळाच्या तोट्या ओतायचा. भट्टीपुढे भुवया जळून गेलेल्या. त्याने दोन्ही तोफांवरून नख फिरवलं.

"ठिपकेवाली जुनी आहे."

"आणि माझी?"

"हिचा हिरवा रंग नखाला लागतोय. बत्ती द्यायचं भोकही कोरं. ठिपकेवालीचं बघा, बार उडवून उडवून रुंद झालंय."

"तुम्ही दोघं सामील आहात!"

"सामील असतो तर तुमचीला खरी म्हणालो असतो. तुम्ही खूश, आम्ही मोकळे."

"मग आतला गंज?"

"अहो, पोकळ नळी ओतायला आत मातीचा गाभा लागतो. तो हलू नये म्हणून जुने लोक लोखंडी खिळे लावायचे. गाभा फोडून काढतात, खिळ्यांची टोकं धातूतच राहतात. ती गंजतात."

चष्मेवाला मेहुण्याकडे वळला. "त्या सात कुठायत?"

"तुम्हीच खोट्या म्हणालात ना, दाजी? यांना वितळवायला दिल्या." मेहुण्याने मांडणीवरच्या तोट्यांकडे बोट केलं. "हीपण देऊ?"

"खबरदार! मी घेतो. बोल किती?"

"पैसे नकोत. ताईला फोन लावा. तुझा भाऊ चोर नाही, एवढंच सांगा. मला ऐकू येईल असं."

फोन लागला, स्पीकरवर, मांडणीवर ठेवलेला. "आता काय?" ताईचा आवाज.

"अगं, तुझा भाऊ..." चष्मेवाला थांबला. त्याने करंगळी थुंकीने ओली केली, तोफेच्या तोंडात घातली आणि ठिपका घासू लागला. रंग लावलाय का बघायला.

"भाऊ काय? बोला की!"

मेहुण्याने त्याच्या हातातून तोफ काढून घेतली आणि दाराकडे वळला.

"ठेव फोन, ताई. दाजी अजून तपासतायत."